दारातली फळी

दुकानात शिरलं की डाव्या हाताला, दाराला लागूनच, एक लाकडी फळी होती. फार मोठी नाही, सहा बाटल्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढीच. आत भिंतभर कपाटं होती, शेकडो बाटल्या होत्या, काचेमागं कुलपात ठेवलेल्या महागड्या वाइन होत्या, पण गिऱ्हाईक आधी थांबायचं ते या फळीपाशी. कारण फळीवर असायच्या हंगामाच्या सहा. थंडीत दाट लाल, उन्हाळ्यात हलक्या, गार करून प्यायच्या. ऋतू बदलला की फळी बदलायची. सहाही खिशाला परवडणाऱ्या, आणि सहाही वहिनीनं स्वतः पिऊन निवडलेल्या.

वहिनी म्हणजे दुकानदाराची बायको. नवऱ्याची बहीण तिला वहिनी म्हणायची, ते ऐकून गिऱ्हाइकं म्हणायला लागली, आणि पुढे पुढे तर पोस्टमनसुद्धा. पंधरा वर्षं ही फळी तिची होती. प्रत्येक बाटलीखाली तिच्या हातची चिठ्ठी असायची, आणि नुसत्या चिठ्ठ्या वाचायला लोक यायचे, हे काही वाढवून सांगितलेलं नाही. ‘ही गार केली नाहीत तर मला शिव्या द्याल.’ ‘सासरे येणार असतील तर ही. एकटेच असाल तर शेजारची.’ ‘बाटली दिसायला भिकार आहे, डोळे मिटून घ्या.’ त्यात खोटं एक अक्षर नसायचं. जी तिला आवडली नाही ती फळीवर उभी राहायची नाही, मग बनवणारा दारात येऊन पाय का धरेना.

निवडायची रीतही तिचीच. पहिला घोट गार, दुसरा कोमट, आणि बाटली तशीच उघडी ठेवून तिसरा घोट दुसऱ्या दिवशी जेवताना. “पहिल्या दिवशी सगळ्याच गोड बोलतात,” ती म्हणायची. शिकली कुठं नव्हती. पिऊन पिऊन, थुंकून थुंकून, चुकून चुकून शिकली होती.

तर अशा या फळीवर यंदा छोटीची नजर पडली. म्हणजे वहिनीला तसं वाटलं, आणि एकदा वाटलं की वाटलं.

छोटी ही तिची नणंद. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा बारा वर्षांची होती. तिच्या वेण्या वहिनीनं घातल्या, तिच्या वह्यांना कव्हरं वहिनीनं घातली. आता छत्तीस वर्षांची झाली, घरात सगळ्यांत उंच, पण नाव छोटीच राहिलं. एका मोठ्या हॉटेलात दहा-बारा वर्षं वाइनचं सगळं ती बघत होती. ते हॉटेल बंद पडलं आणि ती दोन बॅगा आणि चौकटीतलं एक सर्टिफिकेट घेऊन भावाकडे आली. वहिनीनं दुकानावरच्या खोलीतले पडदे धुतले, गादी उन्हात टाकली, खिडकीची कडी बसवून घेतली, आणि हे सगळं मनापासून. प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. प्रेमाचं काही बिघडलंच नव्हतं.

बिघडलं ते सर्टिफिकेट दुकानात लागलं तेव्हा. गल्ल्याच्या मागं, बरोबर मध्यभागी. तिथं आधी दुकान उघडलं त्या दिवशीचा नवरा-बायकोचा फोटो होता. फोटो हातभर खाली सरकला. आता गल्ल्यावर चीज तोलायचा वजनकाटा ठेवला की त्यात वहिनी दिसायची नाही, नवरा तेवढा दिसायचा.

वहिनीचा एक नेम होता. मायेत असली की ती नणंदेला ‘छोटी’ म्हणायची, राग आला की ‘वन्सं’. त्या महिन्यात घरात ‘वन्सं’ फार झालं.

मग एका सकाळी शटर वर करता करता नवरा म्हणाला, “अगं, उन्हाळ्याच्या सहा या वेळी तुम्ही दोघी मिळून काढा. तिचं शिक्षण आहे, तुझा अनुभव आहे. बघू कसं जमतंय. जमलं तर पुढं फळी तीच बघेल, तुलाही जरा आराम.”

“बरं,” वहिनी म्हणाली.

बरं म्हणाली खरी, पण तळपायाची आग मस्तकात गेली. आराम. पंधरा वर्षांत तिनं कधी आराम मागितला होता का? अनुभव म्हणे. अनुभव म्हणजे काय, तर अडाणी माणसाला चारचौघांत बरं वाटावं म्हणून देतात तो शब्द. दिवसभर ती फळीवरची धूळ पुसत राहिली. फळीवर धूळ नव्हती.

शनिवारी सकाळी दोघी दुकानाची व्हॅन घेऊन निघाल्या. द्राक्षांचे डोंगर तिथून दीड तासावर. दर हंगामाला वहिनी एकटी जायची, तीन-चार वाइनवाल्यांकडे फिरायची, चव बघायची, यादी काढायची. पुढच्या महिन्यात वीसेक गिऱ्हाइकांना बसनं त्याच वाटेनं फिरवून आणायची. ती वाट, तो प्रत्येक वळणावरचा खड्डा, सगळं तिचं होतं. आज शेजारी छोटी बसली होती, गुडघ्यावर वही, आणि खिडकीतून बघत म्हणत होती, “किती सुंदर आहे गं वहिनी हे. तू मला कधी आणलंच नाहीस.”

“तुला हॉटेलातून वेळ कुठं होता, वन्सं?”

छोटीनं एकदा तिच्याकडे बघितलं आणि वहीत डोकं घातलं.

पहिला मुक्काम मोठ्या काचेच्या इमारतीचा. तिथं वहिनी दरवर्षी पाच मिनिटं थांबायची, एक घोट घ्यायची आणि निघायची, कारण तिथं वाइनपेक्षा काचेची किंमत जास्त लागते असं तिचं मत होतं. तिथल्या मॅनेजरनं पंधरा वर्षांत तिला कधी खुर्ची दिली नव्हती. आज तो आतून धावत आला. “मॅडम, तुम्ही? हॉटेलात भेटलो होतो आपण.” मॅडम म्हणजे छोटी. खुर्च्या आल्या, गार पाणी आलं, मागच्या कपाटातली बाटली आली. छोटी म्हणाली, “या माझ्या वहिनी. खरं बघायचं काम यांचं.” मॅनेजर वहिनीकडे बघून हसला, लहान मुलांकडे बघून हसतात तसा, आणि पुन्हा छोटीशी बोलू लागला. वहिनीनं खुर्ची घेतली नाही. उभीच राहिली. म्हटलं, पंधरा वर्षं उभी राहिले, आणखी दहा मिनिटांनी काय होतंय.

व्हॅनमध्ये बसल्यावर छोटी म्हणाली, “यातली एकही नको. बाटली दोन किलोची आणि आत काही नाही. आपण बाटलीचे पैसे का भरायचे?”

हे अगदी वहिनीच्या मनातलं होतं. म्हणूनच जास्त झोंबलं. छोटीनं काहीतरी भलतं निवडलं असतं तर वहिनीला किती बरं वाटलं असतं. पण ती मेली चुकतच नव्हती.

दुसरा मुक्काम माय-लेकींचा. दोघी मिळून घरामागच्या शेडमध्ये पांढरी वाइन करायच्या. वहिनी नेहमीची बाटली चाखत होती, तेवढ्यात छोटी कोपऱ्यातल्या एका लहान टाकीपाशी गेली. “यात काय आहे?” लेक म्हणाली, “नव्या वेलींची आहे, पहिलंच वर्ष, अजून लेबलसुद्धा नाही. स्वस्तात काढून टाकणार आहोत.” छोटीनं घोट घेतला, तोंडातल्या तोंडात फिरवला, थुंकण्याच्या बादलीत थुंकली. मग ग्लास वहिनीपुढे केला.

वहिनीनं घोट घेतला. आणि पहिल्या घोटातच तिला ती आवडली. हलकी, स्वच्छ, उन्हातून घरी आलेल्या माणसाला हवी असते तशी. पंधरा वर्षं ती या शेडमध्ये येत होती, आणि त्या कोपऱ्यातल्या टाक्यांकडे तिनं कधी वळून बघितलं नव्हतं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “जरा आंबट.”

“हो का?” छोटीनं पुन्हा एक घोट घेतला, पुन्हा विचार केला. मग वहीत लिहिलेली ओळ खोडली. “तू म्हणतेस तर असेल. मी एक बाटली घरी नेऊन बघते.”

ओळ खोडलेली बघून वहिनीला जेवढं बरं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. पण वाटलं, थोडं.

तिसरा आणि शेवटचा मुक्काम म्हाताऱ्याचा. हा वहिनीचा खास माणूस. त्याच्याकडे ना कागद, ना पावती. तळघरात लाकडी पिंपं ओळीनं उभी, आणि घेणाऱ्यानं चव बघून आपल्या पिंपावर खडूनं आपली खूण करायची. खूण झाली की ते पिंप त्याचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. खूण नसेल ते पिंप मागेल त्याला. म्हातारा बापाच्या वेळेपासून असंच करत आला होता आणि त्यावरून कधी भांडण झालं नव्हतं. प्रत्येक घेणाऱ्याची खूण वेगळी. जवळच्या एका हॉटेलवाल्याची फुली, कुणाचा मासा, कुणाचं नुसतं गोल. वहिनीची खूण शिडी. पहिल्याच वर्षी ती तळघराच्या शिडीवरून घसरून म्हाताऱ्याच्या अंगावर पडली होती, तेव्हापासून तो तिला शिडीबाईच म्हणायचा. दोन उभ्या रेघा, तीन आडव्या. आणि ती शिडी दरवर्षी एकाच पिंपावर चढायची, चौथ्या. त्यात विहिरीकडच्या जुन्या वेलींची हलकी लाल असायची, थोडी गार करून प्यायची. फळीवरची सहावी बाटली हीच. लोक उन्हाळाभर तिची वाट बघायचे.

व्हॅन थांबली तर म्हातारा दारातच. आणि म्हणाला काय, “ही शिडीबाईची नणंद होय? अगदी हॉटेलवाली दिसते.” दोघं हसले. छोटीनं त्याला तळघराच्या गारव्याबद्दल काही विचारलं, त्यानं उत्तर दिलं, तिनं आणखी विचारलं. म्हाताऱ्याला इतकं बोलताना वहिनीनं कधी ऐकलं नव्हतं. तिच्याशी तर तो वर्षाला चार वाक्यं बोलायचा.

“मी वेली बघून येते,” ती म्हणाली आणि विहिरीकडे चालू लागली. कुणी ‘थांब’ म्हटलं नाही. म्हणजे, छोटी म्हणाली, “येऊ का गं मी?” पण ते वहिनीनं ऐकलं नाही असं केलं.

वेलींमध्ये तिनं फार वेळ काढला. खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं, कोवळी पानं होती, एवढंच. परत आली तर दोघं तळघरातून वर येत होते, हसत हसत, आणि छोटीची बोटं खडूनं पांढरी.

“वहिनी, चौथं भन्नाट आहे,” छोटी म्हणाली. “खूण करून आले. आता तू बघून ये, मग आपण सगळे काहीतरी खाऊ.”

खूण करून आले.

वहिनी तळघरात उतरली. आतला बल्ब गेला होता, शिडीच्या वरून येईल तेवढाच उजेड. चष्मा व्हॅनमध्ये राहिला होता. पण चौथ्या पिंपावर ताजा खडू आहे हे दिसायला चष्मा लागत नव्हता. तिथं, जिथं पंधरा वर्षं तिची शिडी असायची, तिथं पांढरं काहीतरी होतं. तिचा माणूस, तिचं तळघर, तिचं पिंप. फोटो हातभर खाली सरकला होता, आता शिडी पण सरकणार. डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यापेक्षा राग जास्त आला. काय खूण आहे हेसुद्धा तिनं बघितलं नाही. कोटाची बाही मुठीत धरली आणि पिंप पुसून काढलं. एकदा, दोनदा, लाकूड कोरं होईपर्यंत.

मग खडू शोधला. खडू म्हाताऱ्याच्या खिशात. वर जाऊन मागावा तर तो विचारणार, कशाला? असू दे, ती मनात म्हणाली. सोमवारी फोन करून सांगू, चौथं माझं. पंधरा वर्षांत माझ्याशिवाय ते मागितलंय कुणी?

वर आल्यावर तिनं ब्रेड-चीज खाल्लं, उकडलेलं अंडं खाल्लं, नणंदेला मीठसुद्धा दिलं. निघाल्या तेव्हा फाटकातून हॉटेलवाल्याची गाडी आत येत होती. वहिनीनं त्याला हात केला.

व्हॅन सुरू करायच्या आधी छोटीनं तिच्या बाहीकडे बघितलं. “वहिनी, काहीतरी पांढरं लागलंय,” ती म्हणाली आणि हातानं झटकू लागली.

“भिंतीचा चुना असेल.”

छोटीचा हात जरा थांबला. मग तिनं ती बाही नीट झटकून दिली. परत येताना ती फारशी बोलली नाही. दमली असेल, वहिनीला वाटलं.

सोमवारी फोन करायला वहिनी गल्ल्याशी येते तो नवऱ्यानंच रिसीव्हर उचललेला. यादी पुढ्यात घेऊन तो एकेकाला कळवत होता. म्हाताऱ्याचा नंबर लागला. “आतल्या कपाटांसाठी दुसऱ्या पिंपाची वीस खोकी, आणि चौथं तर आपलंच.” मग तो ऐकत राहिला. “गेलं म्हणजे? कुणाला?... पण खूण होती ना?... नव्हती?”

वहिनीनं फडकं उचललं आणि गल्ला पुसायला घेतला.

नवऱ्यानं फोन ठेवला आणि बहिणीकडे वळला. “शनिवारीच हॉटेलवाला घेऊन गेला. पिंपावर खूण नव्हती म्हणे. तू तर म्हणालीस, खूण केली.”

छोटी पायरीवर बसून बाटल्यांना किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. तिनं भावाकडे बघितलं. मग खुंटीवर टांगलेल्या वहिनीच्या कोटाकडे. वहिनीकडे मात्र बघितलं नाही.

“मग राहिली असेल,” ती म्हणाली. “बोलण्याच्या नादात विसरले असेन मी.”

“विसरलीस? अगं, पंधरा वर्षांत एकदा तरी ती बाटली चुकली का फळीवर? लोक काय म्हणतील?” तो फारसा चिडणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी चिडला. “शिक्षण राहू दे बाजूला. फळी वहिनीच बघेल. तू आतली कपाटं बघ.”

छोटीनं मान हलवली आणि पुढची चिठ्ठी चिकटवली, सरळ, बरोबर मधोमध.

तर असं झालं. फळी परत मिळाली. एका शब्दानं मागावी लागली नाही. दोन दिवस वहिनीला जेवण गोड लागलं. तिनं पाच बाटल्या मांडल्या, पाच चिठ्ठ्या लिहिल्या, झकास लिहिल्या. सहावी जागा रिकामी होती, पण ती कुणामुळं रिकामी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका गिऱ्हाइकानं विचारलं तेव्हा नवऱ्यानंच सांगितलं, “आमच्या बहिणीकडून जरा गोंधळ झाला.” वहिनी त्या वेळी खाली वाकून खोकं उघडत होती. फार वेळ वाकून राहिली.

पुढच्या गुरुवारी म्हातारा स्वतःच टेम्पो घेऊन आला, दुसऱ्या पिंपाची खोकी घेऊन. नवरा बँकेत गेला होता. खोकी उतरवून झाल्यावर तो फळीसमोर उभा राहिला, रिकाम्या जागेकडे बघत.

“वाईट झालं, शिडीबाई,” तो म्हणाला. “तळघरात ओल फार आहे. पण इतक्या लवकर खडू उडेल असं वाटलं नव्हतं.”

“कसला खडू?”

“तुझी शिडी. मी डोळ्यांनी बघितली ना काढताना. तुझ्या नणंदेला म्हटलं, तुझी खूण काय? तर म्हणाली, माझी कशाला, फळी वहिनीची आहे. आणि तुझी शिडी काढली. चार पायऱ्यांची.” म्हातारा हसला. “मी म्हटलं, बाई, शिडीबाईची शिडी तीन पायऱ्यांची. तर म्हणते कशी, खालची एक माझी.”

वहिनीनं फळीचा काठ धरला.

“हॉटेलवाला आला, मी वर दुसऱ्याशी बोलत होतो. त्यानं खूण दिसली नाही म्हणून फुली मारली. नियम तो नियम. काय करणार?” म्हाताऱ्यानं टोपी घातली आणि तो गेला. वर्षभराचं बोलणं त्यानं एका दमात संपवलं होतं.

चार पायऱ्या. वहिनीनं एवढ्या वर्षांत हजार बाटल्यांच्या तळाशी काय आहे ते ओळखलं होतं, आणि डोळ्यांपुढची आपलीच खूण तिनं वाचली नव्हती. वाचायची इच्छाच नव्हती. आणि तो चुना. बाही झटकताना थांबलेला तो हात. छोटीला तेव्हाच कळलं होतं. निदान संशय आला होता, आणि सोमवारी खात्री पटली होती.

मग वहिनीला लाज वाटली असं सांगायला हवं. वाटलीच. पण लाजेच्या आधी, खरं सांगायचं तर, आणखी जळफळाट झाला. चांगलं नाक हिला, उंची हिला, सर्टिफिकेट हिला, म्हातारा बोलतो हिच्याशी, आणि वर असं वागायलाही हिलाच जमावं? माणसानं एखाद्याला पाण्यात पाहायचं ठरवलं तर समोरच्यानं जरा तरी वाईट वागावं की नाही?

छोटी मागच्या खोलीत रिकामी खोकी मोडून चपटी करत होती. वहिनी दारात उभी राहिली.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

छोटीनं आणखी एक खोकं पायाखाली घेतलं. “खडू ओळखू येतो गं, वहिनी. चुना वेगळा असतो.”

“मग बोलली का नाहीस? दादानं सगळ्यांसमोर तुला बोल लावला. तेव्हा तरी बोलायचं.”

“तू बोलशील म्हणून थांबले होते,” छोटी म्हणाली. “सोमवारी वाटलं, आता बोलशील. मग वाटलं, मंगळवारी बोलशील.” तिचा आवाज जरा चिरकला, आणि तो तिला लपवता आला नाही. “आज गुरुवार आहे. दुसरा.”

‘छोटी’ म्हणावं तर तोंड नव्हतं आणि ‘वन्सं’ म्हणावं तर हक्क नव्हता. वहिनी तशीच मागं फिरली, गल्ल्याच्या खणातून एक कोरी चिठ्ठी आणि पेन काढलं आणि फळीवरच टेकवून लिहू लागली. तीन वेळा लिहिलं, दोन वेळा फाडलं. मग ती चिठ्ठी रिकाम्या जागी उभी केली.

‘विहिरीकडची लाल. या उन्हाळ्यात नाही. छोटीनं तिच्यावर खूण केली होती. ती मी पुसली, हेव्यापोटी. वाइनचा दोष नाही, छोटीचा तर नाहीच. – वहिनी.’

पंधरा वर्षांत चिठ्ठीवर खोटं लिहिलं नव्हतं. आता न लिहून खोटं बोलत होती, तेवढं तरी थांबलं.

चिठ्ठी सगळ्यांत आधी वाचली ती शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी. त्या दर गुरुवारी एक बाटली न्यायच्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वाचली. “पुसली म्हणजे?” त्यांनी विचारलं. “कशानं?”

“बाहीनं,” वहिनी म्हणाली.

नेमका नवरा तेव्हा बँकेतून परत आला होता आणि दारात उभा होता. त्यानं चिठ्ठी वाचली. बायकोकडे बघितलं, मग मागच्या खोलीच्या दाराकडे. बाई बाटली घेऊन गेल्यावर तो मागच्या खोलीत गेला, आणि आतून बराच वेळ नुसता खोकी मोडल्याचा आवाज येत राहिला, आधी एका माणसाचा, मग दोघांचा. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, “तो फोटो आपण वर घेऊ.”

“राहू दे,” वहिनी म्हणाली. “वजनकाटा बाजूला ठेव, म्हणजे झालं.”

छोटी हात पुसत बाहेर आली. फळीपाशी थांबली. चिठ्ठी तिनं सावकाश वाचली. डोळे भरून आले होते, पण ‘हेव्यापोटी’पाशी येऊन तिला हसू फुटलं, आणि ते तिनं आवरलं नाही.

“त्या माय-लेकींची कोपऱ्यातल्या टाकीची पांढरी,” वहिनी म्हणाली. “तू बाटली आणली होतीस. उघडलीस का?”

“नाही. तू आंबट म्हणालीस ना.”

“आण ती खाली. त्यांना फोन करून दहा खोकी सांग. इथं ठेवू, सहावी.” तिनं आपली चिठ्ठी उचलली आणि फळीच्या वर, भिंतीला, सगळ्यांना दिसेल अशी टाचली. खाली कोरी चिठ्ठी ठेवली आणि पेन पुढं केलं. “लिही.”

छोटीनं पेन घेतलं. “काय लिहू?”

वहिनीनं रिकाम्या जागेकडे बघितलं. सांगायला जड जात होतं, पण आता एवढं केलंच होतं.

“लिही, वहिनीला ही पहिल्या घोटातच आवडली होती. पण तिनं तसं सांगितलं नाही.”

छोटीनं तसंच लिहिलं, शब्दाला शब्द. आणि तिचं अक्षर, जळलं मेलं, वहिनीच्या अक्षरापेक्षा चांगलं होतं.